नेरूळची फायनल आणि उपनगरातल्या मुली

३० ऑक्टोबर २०२२ चा रविवार. दिवाळी नुकतीच सरलेली, शाळांना सुट्टी. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाची फायनल, स्पेन विरुद्ध कोलंबिया. हेच दोन संघ अठरा दिवसांपूर्वी याच मैदानावर गटातल्या सामन्यात भिडले होते आणि स्पेनने १-० असा विजय मिळवला होता. फायनलही १-० नेच सुटली, पण गोल स्पेनच्या एकाही मुलीच्या नावावर लागला नाही. ८२ व्या मिनिटाला कोलंबियाच्या आना मारिया गुझमानकडून स्वयंगोल झाला आणि स्पेनने २०१८ चं विजेतेपद राखलं. सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळालेली विकी लोपेझ आज बार्सिलोनाकडून खेळते. हरलेल्या संघातली लिंडा कायसेदो पुढच्याच वर्षी मोठ्यांच्या विश्वचषकात उतरली आणि जर्मनीविरुद्ध तिने असा गोल केला की सतरा वर्षांखालचा तो संघ पाहिलेले लोक ‘आम्ही हिला नेरूळला पाहिलीय’ म्हणून सांगू लागले.

यजमान भारताची मोहीम त्याआधी तेरा दिवस, भुवनेश्वरमध्येच संपली होती.

मुंबईत मोठी स्पर्धा आली की दोन गोष्टी हमखास होतात. मैदान चकाचक होतं आणि ‘या स्पर्धेमुळे इथल्या मुली खेळाकडे वळतील’ असं व्यासपीठावरून सांगितलं जातं. पहिली गोष्ट डोळ्यांना दिसते. दुसरीचा हिशेब सहसा कुणी मागत नाही. तीन वर्षांच्या आत मुंबई परिसराने मुलींच्या आणि महिलांच्या तीन आंतरराष्ट्रीय स्पर्धा पाहिल्या, त्यामुळे आता तो मागायला हरकत नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या पट्ट्यात लाखो शाळकरी मुली राहतात. त्यांच्या वाट्याला या तीन स्पर्धांतून काय आलं?

सुरुवात अंधेरीतच झाली. डिसेंबर २०१९ मध्ये वीरा देसाई रोडवरच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात, म्हणजे फुटबॉलवाले ज्याला मुंबई फुटबॉल अरेना म्हणतात तिथे, भारत, स्वीडन आणि थायलंड या तीन देशांच्या सतरा वर्षांखालील मुलींची स्पर्धा भरली. मार्च २०१९ मध्ये फिफाने २०२० चा विश्वचषक भारताला दिला होता आणि ही त्याची तालीम होती. भारताचे प्रशिक्षक थॉमस डेनर्बी हे स्वतः स्वीडनचे. २०११ च्या विश्वचषकात त्यांनी स्वीडनच्या महिला संघाला तिसरं स्थान मिळवून दिलं होतं. अंधेरीत त्यांच्या नव्या संघाला फायनलमध्ये त्यांच्याच देशाने हरवलं. तरी थायलंडला मागे टाकून फायनल गाठणं हे त्या मुलींसाठी थोडंथोडकं नव्हतं. विश्वचषक जेमतेम अकरा महिन्यांवर होता आणि त्याचीही फायनल पुढे नेरूळलाच ठरली.

मग करोना आला. नोव्हेंबर २०२० ची स्पर्धा आधी फेब्रुवारी-मार्च २०२१ वर ढकलली गेली आणि १७ नोव्हेंबर २०२० रोजी रद्दच झाली. त्याबदल्यात भारताला २०२२ चं यजमानपद मिळालं. बातमी म्हणून हे सगळं ठीक वाटलं, देशाचं काही गेलं नाही. पण वयोगटाच्या स्पर्धेत देश आणि खेळाडू यांचा हिशेब वेगळा असतो. २०२० च्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २००३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुली पात्र होत्या, २०२२ साठी १ जानेवारी २००५ नंतरच्या. म्हणजे २००३ आणि २००४ मध्ये जन्मलेल्या मुली एका परिपत्रकाने बाद झाल्या. अंधेरीत स्वीडनशी झुंजलेल्या संघाचा कणाच या वयाचा होता. पुरुषांच्या क्रिकेटमध्ये असं झालं असतं तर महिनाभर चर्चासत्रं रंगली असती. इथे दोन ओळींत आटोपलं. त्यातल्या काही जणी पुढे मोठ्यांच्या संघात पोचल्या हे त्यांचं कर्तृत्व, पण घरच्या मैदानावरचा विश्वचषक काही त्यांना परत मिळाला नाही.

दुसरी स्पर्धा जानेवारी २०२२ ची, महिलांचा आशियाई चषक. सामने अंधेरी, नेरूळ आणि पुण्याच्या बालेवाडीत. ही मोठ्यांची स्पर्धा असली तरी मुलींसाठी ती दोन कारणांनी महत्त्वाची होती. आशियातल्या उत्तम खेळाडू पहिल्यांदाच उपनगराच्या दारात येणार होत्या आणि भारताला त्यातून २०२३ च्या विश्वचषकाचं दार उघडण्याची संधी होती. दोन्हींवर पाणी पडलं. ओमायक्रॉनच्या लाटेमुळे सामने प्रेक्षकांविना झाले. २१ जानेवारीला अंधेरीत ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाला १८-० असं धुतलं. सॅम करने एकटीने पाच गोल मारले आणि टिम केहिलचा ५० गोलांचा ऑस्ट्रेलियन विक्रम मागे टाकला. जगातल्या सर्वोत्तम स्ट्रायकरपैकी एक आझाद नगर मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येईल अशा मैदानावर इतिहास घडवत होती आणि समोरच्या इमारतींतल्या मुली तो टीव्हीवर पाहत होत्या, पाहत असल्याच तर.

भारताचं तर त्याहून वाईट झालं. २० जानेवारीला नेरूळला इराणशी ०-० बरोबरी झाली. सामना जिंकायला हवा होता अशी हळहळ चालू असतानाच संघातल्या बारा जणींना करोना झाल्याचं निष्पन्न झालं. २३ तारखेला चायनीज तैपेईविरुद्ध उतरायला नियमाप्रमाणे लागणाऱ्या किमान तेरा खेळाडूही उरल्या नाहीत. यजमान संघ स्पर्धेतूनच बाद धरला गेला. त्याच चायनीज तैपेईला आठवडाभराने बालेवाडीत फिलिपिन्सने पेनल्टी शूटआउटवर हरवलं आणि इतिहासात पहिल्यांदा विश्वचषकात प्रवेश मिळवला. २०२३ मध्ये फिलिपिन्सने यजमान न्यूझीलंडलाही १-० ने नमवलं. पुण्याच्या मैदानाने एका देशाचं फुटबॉल बदललं ते असं. तो देश आपला नव्हता, इतकंच.

तिसरी स्पर्धा, म्हणजे खुद्द विश्वचषक, होतो की नाही याचाच भरवसा शेवटपर्यंत नव्हता. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय फुटबॉल महासंघाची, प्रफुल्ल पटेल यांच्या अध्यक्षपदाखालची, मुदत कधीच संपलेली कार्यकारिणी बाजूला करून प्रशासकांची समिती नेमली. त्याच उन्हाळ्यात मुलींच्या संघाच्या युरोप दौऱ्यात सहायक प्रशिक्षकावर लैंगिक गैरवर्तनाचा आरोप झाला आणि त्याला बडतर्फ करण्यात आलं. विश्वचषकाला जेमतेम तीन महिने उरलेले आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलींच्या पालकांपुढे हे वाढून ठेवलेलं. मग ऑगस्टच्या मध्याला फिफाने ‘त्रयस्थांचा हस्तक्षेप’ असं कारण देत भारतीय महासंघालाच निलंबित केलं. म्हणजे यजमानपदही गेलं. न्यायालयाने समिती बरखास्त केल्यावर २६ ऑगस्टला बंदी उठली आणि २ सप्टेंबरला कल्याण चौबे अध्यक्ष झाले. ११ ऑक्टोबरला पहिला सामना होता. ज्या मुलींच्या नावाने हे सगळं चाललं होतं त्या जमशेदपूरच्या कॅम्पमध्ये सकाळ-संध्याकाळ सराव करत होत्या.

निकाल सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकेविरुद्ध ०-८, त्यात मध्यंतरालाच ०-५. मोरोक्कोविरुद्ध ०-३, ब्राझीलविरुद्ध ०-५. तीन सामन्यांत सोळा गोल खाल्ले, एकही केला नाही. मोरोक्कोचा संघ भारतासारखाच या स्पर्धेत नवखा होता आणि त्यांचा विश्वचषकातला पहिलावहिला विजय भारताविरुद्धचा. अमेरिका, ब्राझीलपुढे हरण्याचं कुणाला आश्चर्य वाटलं नाही. मोरोक्कोविरुद्धचा पराभव मात्र जिव्हारी लागायला हवा होता, कारण तुलना तिथे होती.

त्या एकवीस जणींची यादी वाचली तर मुंबईकराने जरा थांबावं. सहा मुली एकट्या झारखंडच्या. बाकी भार प्रामुख्याने मणिपूर आणि हरयाणा यांच्यावर. महाराष्ट्रातून पुण्याची काजोल डिसोझा होती. कर्णधार अष्टम उरांव गुमला जिल्ह्यातली. तिच्या गावी तिच्याच सन्मानार्थ रस्ता बांधायला घेतला आणि त्या रस्त्यावर तिचे आई-वडील रोजंदारीने काम करत होते, ही बातमी तेव्हा देशभर गाजली. रोज २५० रुपये. लेकीचा सामना पाहता यावा म्हणून प्रशासनाने घरी टीव्ही बसवून दिला. हे वाचून डोळे ओलावणं सोपं आहे. अवघड प्रश्न वेगळाच आहे: जिथे टीव्ही नाही तिथून कर्णधार येते आणि जिथे गल्लीगल्लीत टर्फ आहे तिथून कुणी का येत नाही?

उत्तराचा पहिला भाग त्या टर्फमध्येच आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत उपनगरांत हिरव्या नायलॉनच्या टर्फचं पीक आलं. मॉलच्या गच्चीवर, शाळेच्या कोपऱ्यात, मेट्रोच्या खांबांलगतच्या रिकाम्या प्लॉटवर. चारी बाजूंनी जाळी, वरून एलईडीचे दिवे, तासाच्या हिशेबाने बुकिंग. संध्याकाळी सहा ते दहाचे स्लॉट ऑफिस सुटलेल्या पुरुषांच्या ग्रुपांकडे आधीच गेलेले असतात. मुलींची बॅच असलीच तर ती दुपारी चारला, उन्हात. फुटबॉलची गोडी लागायला हे टर्फ चांगलेच आहेत. पण विश्वचषकाचं मैदान १०५ बाय ६८ मीटरचं असतं आणि गोलपोस्ट ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. पाच-पाचच्या टर्फवरचा गोल त्याच्या निम्म्याहूनही लहान. तिथे वाढलेली गोलकीपर पायाने चेंडू अडवायला झकास शिकते, पण डोक्यावरून येणारा क्रॉस कधी सोडायचा आणि कधी पुढे येऊन पकडायचा हे तिला कुणी शिकवू शकत नाही, कारण तिथे तसा क्रॉस येतच नाही. जाळीला लागून चेंडू परत येतो, त्यामुळे चेंडू बाहेर जाण्याची शिक्षाही नाही. ऑफसाइड नाही. पन्नास मीटर मागे धावत जाऊन डिफेन्सची रेषा धरायची सवय नाही. अमेरिकेविरुद्ध भारताचा डिफेन्स ज्या मोकळ्या जागेत सापडला, ती जागा या टर्फवर अस्तित्वातच नसते. (मोठ्या मैदानावर लहानपणापासून खेळूनही आठ गोल खाता येतात, हे खरं. पण मोठं मैदान न पाहता ते टाळता तर नक्कीच येत नाहीत.)

पूर्ण आकाराची मैदानं उपनगरांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. शालेय सामन्यांचं केंद्र अजूनही दक्षिणेला, आझाद मैदानावर, मुंबई स्कूल्स स्पोर्ट्स असोसिएशनच्या अंगणात. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने शहराला किती खेळाडू दिले याची गणती नाही. पण बोरिवलीच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुलीला सकाळच्या सामन्यासाठी गर्दीच्या लोकलमधून किट-बॅग घेऊन चर्चगेट गाठायचं असतं, सोबत कुणी शिक्षिका हवी असते आणि चाळीस मिनिटांच्या खेळासाठी अख्खी शाळा बुडते. मुलग्यांना ‘जा ग्रुपने’ म्हणणारे पालक इथे आधी वेळ विचारतात, मग कपडे बदलायची सोय विचारतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक मैदानांकडे आजही नाही.

मग दहावी येते. फुटबॉलमध्ये ‘सतरा वर्षांखालील’ हा शब्द उच्चारला जातो त्याच वेळी मुंबईच्या घरात ‘बोर्डाचं वर्ष’ हा शब्द उच्चारला जातो. नववीच्या सुट्टीतच क्लास सुरू होतो. क्रीडा गुण मिळतात, पण ते मिळवण्यापुरताच खेळ राहतो. मुलगे दहावीनंतर कॉलेजच्या संघात, कंपनीच्या लीगमध्ये, पाड्यातल्या रिंक स्पर्धांत परततात. मुलींना परतायला जागाच कमी. मुंबईतली महिलांची लीग चालू आहे आणि केंक्रे, मुंबई नाईट्स अशा क्लबांनी इंडियन वुमेन्स लीगपर्यंत धडकही मारली. पण अंधेरीचं मैदान ज्याचं घर आहे त्या मुंबई सिटी एफसीने इंडियन सुपर लीग दोनदा जिंकली, आणि त्या काळात महिलांच्या राष्ट्रीय लीगमध्ये त्यांचा संघ दिसला नाही. अंधेरीची मुलगी त्या स्टेडियममध्ये निळी जर्सी घालून ओरडू शकत होती, ती जर्सी घालून खेळायचं स्वप्न मात्र तिला पाहता येत नव्हतं.

प्रेक्षकांचा दोष काढायची घाई नको. जून २०१८ मध्ये याच अंधेरीत पुरुषांच्या राष्ट्रीय संघाच्या सामन्याला अवघे २,५६९ लोक आले होते. सुनील छेत्रीने ‘आम्हाला शिव्या द्या, पण मैदानात या’ अशा अर्थाची कळकळीची विनंती केली आणि पुढचा सामना हाऊसफुल्ल झाला. मुंबईकर बोलावलं की येतो. मुलींच्या वतीने असं कुणी बोलावलं का, हे तपासायला हवं. फायनलच्या दिवशी मुलुंडच्या मुलीला ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बरने नेरूळ गाठायचं होतं, घाटकोपरच्या मुलीला कुर्ल्याहून हार्बर. रविवारच्या मेगाब्लॉकची धास्ती वेगळीच. अशा प्रवासाला मुली शाळेच्या बसमधून, संघ म्हणून निघतात, एकेकट्या नाही.

आणि तरीही ज्यांनी वाट काढली त्यांच्याकडे पाहिलं की ‘मुंबईत जागाच नाही’ हे कारण थोडं पातळ होतं. मुंब्र्यात ‘परचम’ या संस्थेच्या पुढाकाराने मुस्लिम आणि हिंदू मुली एकत्र फुटबॉल खेळू लागल्या, सह्यांची मोहीम चालवून त्यांनी मैदानावर हक्क मागितला. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘स्लम सॉकर’ला २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. कोल्हापुरात तर पेठांच्या तालमींनी फुटबॉल पोसलेलाच, २०१७ च्या मुलग्यांच्या विश्वचषकातला अनिकेत जाधव तिथलाच. त्या शहराच्या नावाने मुलींचा संघही राष्ट्रीय लीगमध्ये उतरला. कोल्हापूरला डी. वाय. पाटीलसारखं स्टेडियम नाही, पण शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून खेळाची नस ओळखणारी माणसं आहेत, आणि घरातल्या मुलीने बूट घातले तर ते तिच्या पासची चर्चा करतात, तिच्या शॉर्ट्सची नाही. निदान त्यांच्यातले बरेचसे.

नेरूळच्याच मैदानाने तीन वर्षांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ३० ऑक्टोबर २०२५, त्या फुटबॉल फायनलची तीच तारीख. क्रिकेट विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा काढल्या, भारताने ३३९ चं लक्ष्य गाठलं आणि २ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेला हरवून कप घेतला. जेमिमाचा जन्म भांडुपचा. लेकीच्या खेळासाठी सोयी मिळाव्यात म्हणून तिचं कुटुंब वांद्र्याला राहायला गेलं. क्रिकेटबरोबर ती हॉकीही महाराष्ट्राच्या सतरा वर्षांखालील संघातून खेळली होती. म्हणजे घाटकोपर-मुलुंडच्या मधल्या स्टेशनावरची मुलगी जगज्जेती होऊ शकते, पण त्यासाठी तिच्या घराला ते स्टेशन सोडावं लागतं. क्रिकेटमध्ये तिच्यापुढे वयोगटाचे संघ, राज्य संघटनेचे सामने, डब्ल्यूपीएल अशी पायरीमागून पायरी होती. फुटबॉलमध्ये मधल्या पायऱ्या गायब आहेत आणि थेट गच्चीवर विश्वचषक ठेवलेला होता.

मग यजमानपद फुकट गेलं म्हणायचं का? तसंही नाही. मैदानांवरच्या गवताचा दर्जा सुधारला, खारघरला सिडकोने फुटबॉलचं उत्कृष्टता केंद्र उभं केलं. फायनलच्याच दिवशी शिक्षण मंत्रालय, महासंघ आणि फिफा यांच्यात ‘फुटबॉल फॉर स्कूल्स’चा करार झाला, लाखो चेंडू शाळांत पोचवायचा. महाराष्ट्राला हा प्रयोग नवा नव्हता. १५ सप्टेंबर २०१७ रोजी मुलग्यांच्या विश्वचषकानिमित्त राज्यभर शाळाशाळांत एकाच दिवशी फुटबॉल खेळवला गेला होता, तेव्हाही चेंडू वाटले होते. चेंडू वाटणं सोपं. आठवीतल्या मुलीला वर्षातून वीस-पंचवीस खरे सामने, घरापासून मेट्रोच्या एका तिकिटावर, पुऱ्या मैदानावर मिळवून देणं अवघड, आणि तेच राहून गेलं. घाटकोपरहून अंधेरीच्या अरेनापर्यंत मेट्रो थेट जाते, बोरिवलीहून नवी लाइन डी. एन. नगरला आणते. रस्ता आता आहे. शनिवार सकाळची मुलींची लीग तिथे का भरू नये, याला क्रीडा संकुलाच्या भाड्यापलीकडे सबळ कारण दिसत नाही.

राष्ट्रीय पातळीवर मात्र २०२५ ने वेगळी बाजू दाखवली. जुलैमध्ये मोठ्यांच्या संघाने चियांग माईत थायलंडला २-१ ने हरवून आशियाई चषक गाठला. ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालील संघाने म्यानमारला नमवून वीस वर्षांनी आपल्या वयोगटाच्या आशियाई चषकात जागा मिळवली. ऑक्टोबरमध्ये बिश्केकला सतरा वर्षांखालील मुलींनी उझबेकिस्तानवर २-१ अशी मात करून आशियाई चषकाचं तिकीट काढलं. यजमान म्हणून मिळालेलं नाही, पात्रता फेरी खेळून मिळवलेलं. तीनही विजय परदेशात, दुसऱ्यांच्या किंवा तिऱ्हाइतांच्या मैदानावर.

दरम्यान स्पर्धाही बदलली. दर दोन वर्षांनी सोळा संघांची होणारी ही स्पर्धा २०२५ पासून दरवर्षी, चोवीस संघांची झाली आहे आणि २०२९ पर्यंत तिचं यजमानपद त्याच मोरोक्कोकडे आहे, ज्यांनी भुवनेश्वरला भारताला तीन गोलांनी हरवलं होतं. २०२४ आणि २०२५ ची विजेतेपदं उत्तर कोरियाने नेली. राज्य सरकारने ‘महादेवा’ योजनेत तेरा वर्षांखालील तीस मुलगे आणि तीस मुली निवडून त्यांना पाच वर्षं शिष्यवृत्ती देऊन घडवायचं ठरवलं आहे. डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी वानखेडेवर आला तेव्हा या योजनेचा गाजावाजाही झाला. याआधी बायर्न म्युनिकबरोबरच्या योजनेतून जर्मनीला गेले ते सगळे मुलगे होते, त्यामानाने निम्म्या जागा मुलींना हा फरक मोठा आहे. निवड झालेल्या तीस जणींपैकी ज्यांचा जन्म २०१२ किंवा त्यानंतरचा आहे, त्या २०२९ च्या मोरोक्को विश्वचषकासाठी वयात बसतात.